कंबोडियातील विस्मृत रॉक संगीत : शोध व श्रेय

१९६० च्या दशकात नॉम पेन्ह येथे ख्मेर गायकी व पाश्चात्त्य रॉक यांच्या संयोगातून स्वतंत्र संगीतप्रवाह विकसित झाला. सिन सिसामुथ व रोस सेरेसोथिया हे त्याचे प्रमुख गायक होत. १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने सत्ता हस्तगत करून शहर रिकामे केले. या राजवटीत हे दोघेही नाहीसे झाले. तथापि, लोकांनी जपलेल्या ध्वनिमुद्रिका व कॅसेटींमुळे त्यांची अनेक गीते टिकली. १९९६ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ‘कंबोडियन रॉक्स’ या संकलनात गायकांची व गीतांची नावेच दिलेली नव्हती. ती पुढे जाणकार श्रोत्यांनी निश्चित केली. जॉन पिरोझी यांच्या २०१४ च्या माहितीपटाने हा इतिहास अधिक व्यापक प्रेक्षकवर्गापर्यंत नेला. सारांश, गीत सापडले तरी गायकाचे नाव सापडेपर्यंत असा शोध अपूर्णच मानावा लागतो.