आधी साल, मग सुटे भाग

आपण जिला ‘थ्री नॉट थ्री’ म्हणतो, ती शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड. ब्रिटिश सैन्याने तिचा मार्क-३ हा प्रकार जानेवारी १९०७ मध्ये स्वीकारला. एनफिल्ड, बर्मिंगहॅम, लंडन, ऑस्ट्रेलियातले लिथगो आणि बंगालमधले इशापूर इथे ती लाखोंनी बनली. तिची काडतुसे आपल्या खडकीतही बनत. २००८च्या दहशतवादी हल्ल्यात मुंबईच्या पोलिसांच्या हातीही ती होती. एवढ्या कारखान्यांतून इतकी वर्षे बनल्यामुळे तिचे सुटे भाग अजून मिळतात. जुनी रायफल पूर्ववत करणाऱ्याचा गोंधळ होतो तो याच मुबलकतेमुळे, कारण जो भाग बसतो तो त्या रायफलीचा असतोच असे नाही.

१९१४च्या मार्क-३मध्ये मॅगझिनवर एक सरकती पट्टी असे. ती आत ढकलली की मॅगझिनमधल्या दहा गोळ्या राखीव राहत आणि सैनिक एकेक काडतूस हाताने भरून झाडे. डाव्या अंगाला लांब पल्ल्याची वेगळी साइट होती, थेट २,८०० यार्डांपर्यंतची. एकट्यादुकट्यावर नेम धरण्यासाठी ती नव्हतीच; सगळ्या तुकडीने मिळून दूरच्या जमावावर गोळ्यांचा वर्षाव करावा, ही त्यामागची कल्पना. खंदकांच्या लढाईत ती निरुपयोगी ठरली, शिवाय उत्पादनाची घाई होती. १९१६ मध्ये आलेल्या ‘मार्क-३ स्टार’मधून हे दोन्ही भाग वगळले गेले. मात्र हा बदल सगळीकडे एकाच दिवशी झाला नाही. त्यामुळे त्या काळातल्या रायफलींत नव्या-जुन्या भागांची सरमिसळ अस्सलही असू शकते.

म्हणून आधी वाचायचा तो दस्त्याच्या मुळाशी असलेला पोलादी पट्टा. त्याच्या उजव्या बाजूला मुकुट, राजाची आद्याक्षरे, कारखाना, साल आणि प्रकार उमटवलेला असतो. स्वातंत्र्यानंतरच्या इशापूरच्या रायफलींवर मुकुटाच्या जागी अशोकाचे सिंह येतात. लाकूडही कारखाना सांगते. इंग्लंडची रायफल सहसा अक्रोडाची. लिथगोने पुढे ऑस्ट्रेलियन लाकडे वापरली आणि दणका बसतो तिथे तांब्याच्या पट्ट्या घातल्या. इशापूरने पुढच्या लाकडात मजबुतीसाठी आडवा स्क्रू घातला. असे लाकूड १९१५च्या बर्मिंगहॅमच्या रायफलीवर चढवले, तर जाणकाराला ते लांबूनच खटकते.

बोल्टच्या बाबतीत प्रश्न केवळ अस्सलपणाचा राहत नाही. प्रत्येक बोल्ट त्या-त्या रायफलीला घासूनपुसून बसवलेला असे आणि त्याच्या मुठीवर रायफलीचाच क्रमांक असे. दुसरा बोल्ट घातला की काडतुसाच्या कडेसाठी उरणारी जागा गेजने तपासावीच लागते, ती ०.०६४ ते ०.०७४ इंचांच्या आत हवी. ‘डीपी’ असा शिक्का असलेले भाग फक्त कवायतीचे. ते गोळी झाडायच्या रायफलीत घालू नयेत. उघडतानाही क्रम पाळावा लागतो: आधी पुढचे लाकूड, मगच दस्ता. दस्त्याच्या लांब बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेले असते. उलट क्रमाने गेले की लाकूड चिरते.

आता खरा पेच. १९१५च्या रायफलीला १९३०च्या दशकातले बॅरल असेल तर? लष्करी आर्मररने झिजलेले बॅरल बदलून त्यावर रायफलीचा क्रमांक उमटवला असेल, तर तो तिच्या नोकरीचाच भाग आहे. ते काढून १९१५चे बॅरल लावले तर रायफल कारखान्यातून निघाली तशी दिसेल, पण तिने केलेली चाकरी पुसली जाईल. दोन्ही वाटा चालतील, मात्र एक साल ठरवून सगळे भाग त्याच्याशी जुळवायला हवेत. दस्त्याला पॉलिशपेपर घासून शिक्के घालवणे आणि जुना क्रमांक खरडून नवा ठोकणे मात्र कुठल्याच सालाला शोभत नाही. दुसऱ्याला तर बनावटच म्हणतात. लाकडाला कच्चे जवसाचे तेल पुरते. उतरवलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपून ठेवावा, म्हणजे आपला निर्णय चुकीचा वाटला तर पुढच्या मालकाला तो फिरवता येईल.