चित्रकथेंतील वीर आणि त्याचा सोबती

अमेरिकेंतील अतिमानवी वीरांच्या चित्रकथा, ज्यांना सामान्यतः कॉमिक म्हणतात, ज्यानें चार-पांच वाचल्या असतील त्याला सहाव्या कथेचें कथानक ती न उघडतांहि सांगतां येईल. शहरावर संकट येतें, मुखवटा घातलेला वीर धांवून जातो, मध्येंच खलपुरुषाच्या तावडींत सांपडतो, युक्तीनें सुटतो आणि शेवटीं दुष्टाचें पारिपत्य होतें. या ठरीव सांच्याला नांवें ठेवणें सोपें आहे. परंतु कीर्तनांतील आख्यानहि श्रोत्यांना आधींच ठाऊक असतें, म्हणून कांहीं ते उठून जात नाहींत. गोष्ट माहीत असतांना मन गुंतून राहतें तें पात्रांच्या बोलण्यांत. आणि बोलावयाचें म्हटलें कीं समोर दुसरें माणूस हवें.

बॅटमनचा लेखक बिल फिंगर याला ही उणीव लवकरच भासली. बॅटमन १९३९ सालीं 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'च्या २७ व्या अंकांत अवतरला. (त्याचें सारें श्रेय कित्येक वर्षें चित्रकार बॉब केन याच्याच नांवावर जमा होत राहिलें, फिंगरला अधिकृत सहश्रेय मिळालें तें २०१५ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर चाळीसांहून अधिक वर्षांनीं.) वीर एकटाच असल्यामुळें त्याचे विचारच सारखे लिहून दाखवावे लागत आणि तें कंटाळवाणें होई, असें फिंगरनें पुढें सांगितलें आहे. शेरलॉक होम्सला वॉटसन होता. बॅटमनला कोणीच नव्हतें. म्हणून एप्रिल १९४० च्या ३८ व्या अंकांत रॉबिन हा पोरका झालेला, सर्कशींत वाढलेला मुलगा त्याच्या सोबतीला आला. संस्कृत नाटकांत राजाचें मन बोलतें करण्यासाठीं विदूषक असतो. रॉबिनचेंहि काम बरेंचसें तेंच.

तथापि सोबती मिळाला म्हणजे संवाद मिळाला, असें नव्हे. चोर खिडकींतून उडी टाकीत आहे हें चित्रांत ढळढळीत दिसत असतां 'तो पाहा, खिडकींतून पळाला!' असें सोबत्यानें ओरडणें म्हणजे चित्राची निवळ पुनरुक्ति होय. अशा वाक्यांचे फुगे झांकून वाचले तरी कथेंत कांहींच कमी होत नाहीं. खरा संवाद सुरू होतो तो दोघे एकच दृश्य पाहत असतां त्यांना त्यांत निरनिराळी गोष्ट दिसूं लागते तेव्हां.

याचें उत्तम उदाहरण १९७० सालचें आहे. 'ग्रीन लँटर्न' या चित्रकथेचा खप घसरला होता. तेव्हां संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनीं ती लेखक डेनी ओनील व चित्रकार नील अ‍ॅडम्स यांच्या हातीं सोंपविली. ओनील पूर्वाश्रमीचे वृत्तपत्राचे बातमीदार. ७६ व्या अंकापासून त्यांनीं नायक हॅल जॉर्डन याच्या जोडीस ग्रीन अ‍ॅरो, म्हणजे धनुर्धर ऑलिव्हर क्वीन, आणून बसविला. हॅलपाशीं इच्छेला आकार देणारी अंगठी आहे आणि कायद्यावर त्याची निष्ठा आहे. ऑलिव्हर संपत्ति गमावलेला, अन्याय दिसला कीं भडकणारा. रस्त्यांत जमाव एका सभ्य वेषांतील गृहस्थाला झोडपीत असतो, त्याला हॅल संवयीनें सोडवितो. 'अरे, हाच तर गरीब भाडेकऱ्यांना घराबाहेर काढणारा मालक,' असें ऑलिव्हर त्याला सुनावतो. मग एक वृद्ध निग्रो भाडेकरू पुढें होऊन विचारतो कीं परग्रहांवरील नाना रंगांच्या लोकांसाठीं तूं झटलास, आम्हां काळ्या लोकांसाठीं काय केलेंस? हॅलची मान खालीं जाते. त्या क्षणीं अंगठी निरुपयोगी ठरते.

ओनील यांची लेखणी कधीं कधीं व्याख्यानाच्या वळणावर जाते, आणि मग फुग्यांच्या गर्दींत अ‍ॅडम्स यांचीं सुंदर चित्रें गुदमरतात. परंतु ८५ व्या अंकांत तसें झालेलें नाहीं. अमेरिकन चित्रकथांच्या आचारसंहितेंतील अंमली द्रव्यांविषयींचा निर्बंध १९७१ सालीं सैल झाला, त्याच वर्षींची ही कथा. ऑलिव्हरचा तरुण सोबती रॉय हार्पर व्यसनी मुलांच्या टोळक्यांत सांपडतो. तो वेष पालटून तपास करीत असावा, असें ऑलिव्हर गृहीत धरतो. माणसें या विषाकडे वळतात तरी कां, असा प्रश्न निघतो तेव्हां रॉय म्हणतो, समजा एखाद्या मुलानें एकाला पित्यासमान मानलें, आणि तोच त्याला मागें टाकून देशभर हिंडावयास निघून गेला, तर? ऑलिव्हर तें बोलणें उडवून लावतो. मुलगा परक्याचें नांव करून स्वतःचीच कहाणी सांगत आहे हें वाचकाच्या ध्यानांत येऊं लागतें. ज्याला तें कळावयास हवें त्यालाच तेवढें कळत नाहीं. अंकाच्या शेवटीं रॉय हेरॉइन टोंचून घेतांना त्याच्या दृष्टीस पडतो.

पुढील अंकांत चोरट्या व्यापाराच्या सूत्रधाराला पकडण्याचा नेहमींचा भाग आहेच. ऑलिव्हर मात्र रॉयला मारून घराबाहेर काढतो. हॅल त्याला डायना लान्स हिच्याकडे नेतो, आणि व्यसन सुटतांनाच्या यातनांत त्याच्याजवळ बसून राहते ती तीच.