घास आणि आग्रह

आपल्याकडे माया दाखवायची ती वाढून. मूल परीक्षा देऊन आले की 'पेपर कसा गेला' याच्या आधी 'काही खाल्लंस का' असे विचारणारी आपली घरे. पाहुण्याने नको म्हणायचे आणि यजमानाने शपथ घालून आणखी अर्धी पोळी वाढायची, हा आपला रिवाज. त्यामुळे घरातल्या कुणाला कर्करोग झाला आणि त्याची अन्नावरची वासना उडाली, की घरावर दुहेरी संकट येते. एक आजाराचे आणि दुसरे ताटाचे. पहिल्याबद्दल डॉक्टर बोलतात. दुसऱ्याबद्दल फारसे कुणी बोलत नाही.

बँकेच्या नोकरीत काही वर्षे मी परळला होतो. १९४१ साली सुरू झालेले टाटा मेमोरियल रुग्णालय तिथून जवळच. मुदतीआधी ठेवी मोडायला येणाऱ्यांत रुग्णालयाची फाइल काखेत धरलेली माणसे हमखास असत. पासबुकावरचा फोटो आणि काउंटरपलीकडचा माणूस यांचा मेळ बसत नसे. सोबत आलेली बायको किंवा मुलगा न विचारताच सांगे, ''हेच ते, साहेब. जरा उतरलेत.''

पुढे हे दुखणे माझ्याच घरात आले. थोरल्या भावाला, दादाला, स्वादुपिंडाचा कर्करोग झाला. निदान होण्याआधीच त्याचे दहाएक किलो वजन उतरले होते. मनगटावरचे घड्याळ कोपराकडे सरकू लागले. वहिनी सुगरण. रोज नवा पदार्थ करायच्या, आणि दादा दोन घास खाऊन ताट सारायचा. एकदा स्वयंपाकघरात त्यांनी मला हळूच विचारले, ''भाऊजी, माझ्या हाताची चव गेली का हो?'' त्याच आठवड्यात दादा मला म्हणाला, ''तिचं तोंड बघवत नाही म्हणून गिळतो रे. मग रात्री उलटी होते.'' एका भिंतीच्या अंतरावर दोन माणसे एकमेकांसाठी झुरत होती, आणि मधे होते ते ताट.

दादाच्या डॉक्टरांनी आम्हा सगळ्यांना बसवून जे सांगितले ते प्रत्येक घराला कळायला हवे. या झिजण्याला वैद्यकात 'कॅशेक्सिया' म्हणतात. ही साधी उपासमार नव्हे. उपासात शरीर आधी साठवलेली चरबी वापरते आणि स्नायू होता होईतो राखते. या आजारात गाठ आणि तिच्याशी झुंजणारे आपलेच शरीर अशी काही रसायने सोडतात, की मेंदूतली भूक मंदावते आणि चरबीबरोबर स्नायूही वितळू लागतात. बँकेच्या भाषेत सांगायचे तर बचत खाते शिल्लक असतानाच मुदतठेवीही मोडल्या जातात. २०११ साली निरनिराळ्या देशांतल्या तज्ज्ञांनी याची व्याख्या ठरवली. सहा महिन्यांत वजन ५ टक्क्यांहून अधिक घटणे, म्हणजे ६० किलोच्या माणसाचे ३ किलोहून जास्त उतरणे, ही त्यातली एक खूण. आणि केवळ अधिक खाऊ घालून ही झीज पुरती भरून निघत नाही, हेही त्यांनी स्पष्ट म्हटले. जठर, अन्ननलिका, स्वादुपिंड आणि फुफ्फुस यांच्या कर्करोगात ती विशेष दिसते.

हे ऐकून वहिनी बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, ''म्हणजे माझ्या स्वयंपाकाचा दोष नाही.'' त्या एका वाक्याने घरातली हवा बदलली.

याचा अर्थ हात जोडून बसावे असा मुळीच नाही. न खाण्यामागे कितीतरी दुरुस्त होणारी कारणे असतात. तोंड आलेले असते, लाळ सुकलेली असते, मळमळ, बद्धकोष्ठ किंवा वेदना असते. ही डॉक्टरांना सांगायलाच हवीत. त्यांवर औषधे आहेत. औषधांनी तोंडाला धातूची चव येत असेल तर स्टीलऐवजी लाकडी वा प्लॅस्टिकचा चमचा वापरून पाहावा. भरल्या ताटाऐवजी दिवसातून सहा वेळा लहान वाटी पुढे करावी. पुष्कळांना सकाळी खाणे बरे जाते, तेव्हा मुख्य जेवण सकाळीच उरकावे. फोडणीच्या वासाने ढवळत असेल तर अन्न कोमट वा गार द्यावे. थोड्यात अधिक बळ जावे म्हणून मऊ भातावर तूप, दुधात दुधाची पावडर, भाजीत दाण्याचे कूट, चालत असेल तर अंडे. पाणी जेवणाच्या अधेमधे. झेपेल तेवढे घरातल्या घरात चालणे, कारण हालचालीवाचून स्नायू आणखी झिजतात. साखर बंद, दूध बंद, गाठीला उपाशी मारा, असे सांगणारे शेजारी भेटतातच. तशाने गाठ मरत नाही, माणूस मात्र खंगतो. मधुमेह असेल तर अर्थात डॉक्टरांना विचारूनच.

औषधांच्या बाजूनेही अलीकडे थोडा उजेड दिसतो आहे. पुदुच्चेरीच्या जिपमेर संस्थेत १२४ रुग्णांवर झालेली चाचणी २०२३ साली प्रसिद्ध झाली. मूळ मानसिक आजारांवरचे ऑलान्झापिन हे औषध केमोथेरपीबरोबर रोज अडीच मिलिग्रॅम इतक्या लहान मात्रेत दिले, तेव्हा पुष्कळांची भूक आणि वजन सुधारले. जपानने २०२१ साली अ‍ॅनामोरेलिन हे औषध मंजूर केले. यांतले कुठलेही मनाने घ्यायचे नाही. पण 'भूक लागावी म्हणून काही देता येईल का' असे डॉक्टरांना विचारण्याचा हक्क प्रत्येक घराला आहे.

तरीही एक वेळ अशी येते की शरीरच अन्न नको म्हणते. अखेरच्या दिवसांत माणूस भुकेने तळमळत नसतो; भूकच विझलेली असते. तेव्हा 'निदान सलाइन तरी लावा' असा हट्ट होतो. पण ते पाणी शरीराला पेलत नाही. सूज आणि छातीतली घरघर वाढू शकते. त्यापेक्षा ओठ ओले करावेत, चमचाभर पाणी द्यावे, पाय चेपावेत. मुंबईत वांद्र्याला १९८६ पासून चालणाऱ्या शांती आवेदना सदनासारख्या ठिकाणी हीच शुश्रूषा होते. दादाच्या शेवटच्या आठवड्यात वहिनींनी ताट वाढणे थांबवले आणि त्या त्याच्या उशाशी जुने रेडिओ लावून बसू लागल्या. लग्नाच्या पहिल्या वर्षांतले काय काय आठवून दोघे हसत. ते दिवस आग्रहात गेले असते तर वहिनींपाशी आज एवढेही उरले नसते.

शेवटचे दोन शब्द भेटीला जाणाऱ्यांसाठी. दारातच 'अरेरे, काय झालात हो!' असे म्हणू नका. आरसा त्या घरातही असतो. उंबऱ्याच्या आत आलात की क्रिकेट बोला, पाऊस बोला. आणि निघताना त्या घरातल्या बाईला, किंवा बाई आजारी असेल तर तिच्या नवऱ्याला, बाजूला घेऊन विचारा, ''तुम्ही जेवलात का?'' दोन पोळ्या आणि भाजीचा डबा न्यायचा असेल तर तो त्यांच्यासाठी न्या. त्या घरात सगळ्यात उपाशी बहुधा तेच असतात.