किचनच्या ड्रॉइंगमध्ये कचऱ्याला जागा कुठे आहे?



माझ्या किचन ट्रॉलीच्या दुकानात इंटिरियर डिझायनर येतात, तेव्हा त्यांच्या ड्रॉइंगमध्ये सगळं असतं. मसाल्यांची ट्रॉली, ताटांची ट्रॉली, मिक्सरचा पॉइंट. कचऱ्याचं काय, असं विचारलं की उत्तर ठरलेलं : "सिंकखाली बसेल की डबा!"

सिंकखाली आधीच पाइप असतात. एक डबा कसाबसा बसतो, दुसरा पायात येतो. चार दिवसांत सगळं एकाच पिशवीत.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी घरातच ओला, कोरडा आणि घातक असे तीन भाग करायला सांगितले. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेचे सदस्य दारोदार कचरा गोळा करतात. कोरड्यातलं भंगार विकून त्यांची कमाई होते. आमटी सांडलेल्या पुठ्ठ्याला कोण भाव देणार? आपल्या ओट्याखाली जागा नसते, त्याचा फटका त्यांच्या कमाईला बसतो.

डिझायनरला हे कळत नाही असं नाही. पण क्लायंट मागत नाही, छोट्या फ्लॅटमध्ये इंच-इंच जागा स्टोरेजला हवी असते आणि वास आला तर फोन त्यालाच येतो. म्हणून त्याला पर्यावरणाचं भाषण देऊ नका. त्याची अडचण सोडवा. आपला धंदा तिथेच आहे.

१. दोन सारखे डबे विकू नका. ओला कचरा रोज जातो. त्याला ओट्याजवळ छोटा, झाकणाचा, काढून धुता येणारा डबा. कोरडा हलका पण फुगीर, आणि तो साठतो. त्याला ड्राय बाल्कनीत उभं कपाट किंवा टांगत्या पिशव्या.

२. जुन्या बॅटऱ्या, ट्यूब, मुदत संपलेली औषधं यांना मुलांचा हात पोचणार नाही असा वरचा बंद कप्पा.

३. सुतारकाम सुरू व्हायच्या आधी मापांसकट तयार ड्रॉइंग द्या. कोटेशनमध्ये याची वेगळी ओळ आणि वेगळी किंमत लिहा. क्लायंट नाही म्हणाला तरी चालेल, पण प्रश्न त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे.

या आठवड्यात तुमच्या भागातल्या दोन डिझायनरना एवढंच विचारा : "रद्दी, बाटल्या, दुधाच्या पिशव्या हे लोक ठेवणार कुठे?" काय उत्तर मिळालं ते कमेंटमध्ये नक्की लिहा. भेटू पुढच्या व्हिडिओत!