सरपंचाला नियम कडक, आमदाराला सैल: नेत्यांचा धंदा आणि आपला मोबाइल

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं पडतं, त्यांच्यासाठी हा आजच्या भागाचा लेखी मजकूर. बोललोय तसाच ठेवलाय, थोडी साफसफाई करून.

आजचा विषय: हितसंबंध. म्हणजे बातम्यांमध्ये ज्याला ‘कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट’ म्हणतात ते. सोप्या भाषेत सांगतो. समजा, गावातल्या रस्त्याचं काम निघालं. मंजुरी देणाऱ्यांत काका, आणि ठेका पुतण्याकडे. पहिल्याच पावसात खडी वर आली, तर बिल अडवायचं कोणी? काकांनीच! पैसे खाल्ले असं इथे मी म्हणतच नाहीये. पण काकांनी एकाच वेळी गावाचंही बघायचं आणि घरचंही, हीच अडचण आहे.

आता कायदा काय म्हणतो? इथे गंमत आहे. ग्रामपंचायत सदस्यासाठी १९५८ चा महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम आहे. त्याचं कलम १४ म्हणतं की पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात सदस्याचा ‘प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष’ हिस्सा असेल, तर सदस्यत्व जाऊ शकतं. भागीदाराच्या नावावर असलं तरी. तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडे करायची.

आमदार-खासदारांसाठी १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा, कलम ९-अ. त्यात फक्त सरकारला माल पुरवण्याचं किंवा सरकारी काम करण्याचं कंत्राट येतं, आणि तेही त्या माणसाने स्वतः केलेलं. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्दच नाही. शिवाय २००१ मध्ये हरियाणातल्या एका प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की खाणीचा सरकारी पट्टा या कलमात बसत नाही. आपल्याकडे चिरेखाणी गावोगाव आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

म्हणजे बघा, गावात नियम कडक आणि वर जाल तसा सैल. खरं तर पैसा वर जास्त! ही मोकळी जागा भरून काढतात पत्रकार.

आपल्याच कोकणातलं उदाहरण घ्या. बॅरिस्टर अंतुले, रायगडचे, १९८० मध्ये मुख्यमंत्री झाले. तेव्हा सिमेंटवर सरकारी नियंत्रण होतं. कोणाला किती पोती, ते सरकार ठरवायचं. ३१ ऑगस्ट १९८१ ला ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरींची बातमी आली: बिल्डरांना सिमेंट मिळतंय, आणि अंतुल्यांच्या ‘इंदिरा गांधी प्रतिभा प्रतिष्ठान’ला त्याच बिल्डरांकडून देणग्या जातायत. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती लेंटिन यांनी देणग्या आणि सिमेंट यांचा संबंध मान्य केला आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला. फौजदारी खटला मात्र पुढे वर्षानुवर्षं कोर्टातच फिरत राहिला. यात लक्षात ठेवायचं काय? पैसा त्यांच्या खिशात नाही, ट्रस्टमध्ये गेला होता. हितसंबंध शोधताना नुसतं नेत्याचं नाव शोधून भागत नाही.

आता आपल्या जिल्ह्यात या. शशिकांत वारिशे, राजापूरचे पत्रकार, ‘महानगरी टाइम्स’मध्ये लिहायचे. रिफायनरी आणि तिथल्या जमिनी हा त्यांचा विषय. ६ फेब्रुवारी २०२३ ला त्यांची बातमी छापून आली. रिफायनरीचा एक समर्थक, जमिनीचे व्यवहार करणारा. त्याचा फोटो बॅनरवर पंतप्रधान, मुख्यमंत्री, उपमुख्यमंत्र्यांसोबत कसा, असा बातमीचा रोख होता. त्याच दिवशी राजापूरजवळ वारिशेंच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी ते गेले. ज्याच्यावर बातमी होती त्यालाच अटक झाली आणि खुनाचा गुन्हा नोंदवला गेला. तो माणूस निवडून आलेला नव्हता. पण जमीन, प्रकल्प आणि सत्तेशी जवळीक या तिन्हींवर एकदम बोट ठेवणाऱ्याला तालुक्याच्या गावात कसला धोका असतो, ते यातून कळतं. मुंबईच्या पत्रकाराच्या मागे मोठं ऑफिस असतं. तालुक्याच्या पत्रकाराच्या मागे बहुतेकदा फक्त घरचे असतात.

म्हणून सगळं ओझं एकट्या पत्रकारावर नको. आपल्या मोबाइलवर बरंच काही दिसतं:

उमेदवाराचं प्रतिज्ञापत्र निवडणूक आयोगाच्या वेबसाइटवर असतं. सुप्रीम कोर्टाच्या २०१८ च्या निकालानंतर त्यात उत्पन्नाचा स्रोत आणि सरकारी कंत्राटांची माहितीही द्यावी लागते, जोडीदाराचीसुद्धा.

जमीन कोणाच्या नावावर आहे ते ऑनलाइन सातबाऱ्यावर दिसतं. कधी आणि कशी बदलली ते फेरफारावर. प्रकल्प जाहीर व्हायच्या थोडंसं आधीच खरेदी झाली असेल, तर प्रश्न विचारायला जागा आहे.

पंचायतीचा खर्च ई-ग्रामस्वराजवर बघता येतो. बाकीसाठी माहितीचा अधिकार आहेच, अर्ज १० रुपयांत होतो.

एक सांभाळा. नेत्याचा धंदा असणं हा गुन्हा नाही. आडनाव सारखं म्हणजे नातेवाईक, असंही नाही. कोकणात अर्ध्या वाडीचं आडनाव एकच असतं! त्यामुळे कागद हातात येईपर्यंत ग्रुपवर फॉरवर्ड करू नका. आणि कागद हातात आला की एकट्याने भांडायला जाऊ नका. चार जण मिळून ग्रामसभेत उभे राहा, प्रश्न विचारा आणि तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावा.

पुढच्या भागात माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा ते बघू. तोवर आपल्या आमदाराचं प्रतिज्ञापत्र एकदा उघडून बघा. भेटू!