हार्टला होल? ते तर आपल्या सगळ्यांनाच होतं!

‘बाळाच्या हार्टला होल आहे’ असं डॉक्टर म्हणाले की शाहूपुरी असो नाहीतर शाहूवाडी, घरात घास उतरत नाही. म्हणून आधी ही गंमत ऐका. आपण सगळेच होल घेऊन जन्मलोय! आईच्या पोटात बाळाच्या फुप्फुसांना काम नसतं. रक्तानं तिकडचा फेरा टाळावा म्हणून हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडप असते आणि बाहेर एक जोडनळी. जन्मानंतर नळी बहुतेकांची दोन-तीन दिवसांत मिटते, झडप सावकाश. दर चौघांतल्या एकाची झडप तर मोठेपणीही पुरती चिकटत नाही, आणि त्यातल्या बहुतेकांना तांबडा-पांढरा ओरपताना त्याचा पत्ताही नसतो.

नळी मात्र भलतीच लहरी. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळात ती मिटेना झाली तर कधीकधी चक्क पॅरासिटामॉल देऊन मिटवतात. उलट काही आजारांत बाळ त्या नळीच्याच जिवावर तगलेलं असतं. मग ती उघडी राहावी म्हणून दुसऱ्या औषधाची सलाईन!

हीच नळी ऑपरेशन करून पहिल्यांदा यशस्वीपणे बांधली ऑगस्ट १९३८ मध्ये, बोस्टनच्या रॉबर्ट ग्रॉस यांनी. वय ३३. त्यांचे साहेब विल्यम लॅड तेव्हा रजेवर होते. ७ वर्षांची मुलगी खडखडीत बरी झाली. साहेब रजेवर असताना कुठल्या ऑफिसात एवढं काम उरकल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही.

आता निळी पोरं. खेळता खेळता दम लागतो, ओठ-नखं निळी पडतात आणि पोर मध्येच उकिडवं बसतं. त्याला कुणी शिकवलेलं नसतं. पण तसं बसल्यानं पायांकडचा रक्ताचा दाब वाढतो, फुप्फुसांकडं जास्त रक्त वळतं आणि पोराला जरा बरं वाटतं. यातल्या नेहमीच्या आजाराला ‘फॅलोज टेट्रालॉजी’ म्हणतात: एकाच हृदयात चार दोष. अशाच एका बाळावर २९ नोव्हेंबर १९४४ ला बाल्टिमोरमध्ये आल्फ्रेड ब्लॅलॉक यांनी ऑपरेशन केलं. कल्पना हेलन टाउसिग यांची. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या पोरांच्या छातीवर बोटं ठेवून ठोके ओळखायच्या. ब्लॅलॉक यांच्या मागं स्टुलावर उभं राहून टाका कसा घ्यायचा ते सांगत होते व्हिव्हियन थॉमस. त्यांच्याकडं डॉक्टरकीची डिग्री नव्हती, ते पूर्वी सुतारकाम करायचे!

आता पुन्हा होलाकडं. १९५४ मध्ये अभिनेत्री मधुबालाच्या हृदयाला छिद्र असल्याचं कळलं. त्याच वर्षी मार्चमध्ये मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी तसलंच छिद्र पहिल्यांदा शिवलं. बाळाचं रक्त फिरवायला मशीन नव्हतं, तर शेजारच्या टेबलावर निजलेला बाप! नळ्यांनी दोघं जोडलेले. असली ४५ ऑपरेशनं झाली, २८ पोरं वाचली. ‘मृत्यूदर २०० टक्के होऊ शकणारं एकमेव ऑपरेशन’ असं लोक म्हणत. मधुबालाच्या वाट्याला मात्र हा इलाज आला नाही. १९६९ मध्ये, छत्तिशीतच ती गेली.

आता कित्येक होलांना छाती उघडावीच लागत नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी सरकवायची आणि होलात ‘छत्री’ उघडायची. छत्री निकेल-टायटॅनियमच्या तारेची. नळीत चेपून घातली तरी बाहेर पडताच मूळ आकारात येते. हृदयात होल नसून छातीच आत दबलेली असेल, तरी ती न उघडता असाच इलाज होतो, डोनाल्ड नस यांनी १९८७ मध्ये काढलेला: वाकवलेली पट्टी फासळ्यांखालून सरकवायची आणि उलटी फिरवायची, की खळगा वर! दोन-तीन वर्षांनी पट्टी काढून घेतात.

खर्चाचं काय? खारघरला श्री सत्य साई संजीवनी रुग्णालयात पोरांच्या हृदयाची ऑपरेशनं मोफत होतात, तिथं बिलाचा काउंटरच नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच.

माझ्या मते अडतं ते वेळेवर कळण्यापाशी. दर हजारी आठ-नऊ बाळांत असा दोष असतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघरमधूनच सुरू झाला. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, एकदा शाळेत. डॉक्टर छातीला स्टेथोस्कोप लावतात. ठोक्यात खरखर आली की पोर ‘टूडी इको’ला, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीला. पथकाची गाडी येईल त्या दिवशी ‘आज राहू दे’ म्हणून पोराला घरी ठेवू नका. आणि दूध पिताना बाळाला दरदरून घाम येत असेल, तर गाडीचीही वाट बघू नका.