तार तुटली तर मशीन थांबलं पाहिजे

आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन अमेरिकेतल्या एमआयटीने १९५२ साली दाखवलं, तेव्हा त्याच्या नियंत्रणासाठी व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले यांनी भरलेली, फ्रीजएवढी पाच कपाटं लागली होती. आज हौशी कारागिराच्या सीएनसी राउटरचं तेच काम पत्र्याच्या एका पेटीत मावतं. आत एक आर्डुइनो बोर्ड आणि त्यावर जीआरबीएल हे मोफत सॉफ्टवेअर. बाकी सगळी कमाई वायरिंगची.

२३० व्होल्टचा पुरवठा एमसीबीतून एसएमपीएसमध्ये येतो आणि तिथून ३६ व्होल्ट डीसी मोटर चालवणाऱ्या ड्रायव्हरना मिळतो. स्टेपर मोटर एका फेऱ्यात २०० पावलं टाकते. ड्रायव्हरवर प्रत्येक पावलाचे आठ भाग केले आणि बॉलस्क्रूचं लीड ५ मिलिमीटर असलं, तर एक मिलिमीटर सरकायला ३२० पल्स लागतात. साध्या स्टेपरमध्ये मोटर खरोखर कुठे पोचली हे उलट कळवणारं काहीच नसतं. पल्स हरवले की पुढचं सगळं काम तेवढं सरकून कापलं जातं.

पेटीची खरी पारख मात्र काही बिघडल्यावर होते. लाल इमर्जन्सी बटण नेहमी एनसी, म्हणजे एरवी जोडलेल्या संपर्काचं घ्यावं आणि ते पुरवठा जोडणाऱ्या-तोडणाऱ्या कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या वाटेत सिरीजमध्ये बसवावं. मग बटण दाबा, तार तुटू द्या किंवा स्क्रू ढिला होऊ द्या, कॉन्टॅक्टर पडतोच आणि ड्रायव्हरचा पुरवठा जातो. एनओ, म्हणजे एरवी उघडा संपर्क वापरला तर तुटलेली तार गप्प राहते आणि नेमकी गरजेच्या क्षणी दगा देते. कॉन्टॅक्टरला होल्डिंगचा, म्हणजे लाईट गेली की सुटणारा आणि आपोआप परत न जुळणारा संपर्कही हवाच. आपल्याकडे लाईट जाते आणि अचानक येते. त्या वेळी हात कटरजवळ असेल. हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय काहीही सुरू होता कामा नये. हे पैसे वाचवण्याचं ठिकाण नाही.

लिमिट स्विचही एनसीच असावेत. जीआरबीएलमध्ये त्यासाठी सेटिंग आहे. स्पिंडलचा वेग बदलणाऱ्या व्हीएफडीचा विद्युत गोंगाट त्यांच्या तारांत शिरला, तर मशीन मधेच खोटा अलार्म देतं. म्हणून सिग्नलच्या तारा पॉवरच्या तारांपासून लांब न्याव्यात, गाठ पडलीच तर काटकोनात ओलांडाव्यात. शिल्डेड केबलची जाळी फक्त पेटीकडच्या टोकाला अर्थ करावी. पेटी, तिचा दरवाजा आणि मशीनचा सांगाडा यांचं अर्थिंग एकाच बिंदूवर आणावं. बहुतारी वायर तशीच टर्मिनलमध्ये कोंबू नये, टोकाला फेरूल दाबावी.

चालू ड्रायव्हरवरून मोटरची तार कधीही काढू नये. कॉइलमधून उसळणारं व्होल्टेज ड्रायव्हर जाळतं. पहिल्यांदा पुरवठा द्यायचा तो मोटर न जोडता. मल्टिमीटरने प्रत्येक टर्मिनलवरचं व्होल्टेज आणि डीसीचे प्लस-मायनस तपासायचे आणि मग लाल बटण दाबून पाहायचं. त्यानंतर त्याची एक तार, मेन बंद करून, मुद्दाम सोडवायची, मेन पुन्हा द्यायचा आणि हिरवं बटण दाबायचं. कॉन्टॅक्टर उचलला नाही, तरच मोटर जोडायच्या.